भाताची वेळ

"काकी, काचेचं कौल होतं तिथेच हा पारदर्शक पत्रा टाकतो," तातू मेस्त्री छपरावरून ओरडला. "तुमच्या स्वयंपाकघरावर."

तसा पत्रा एकच आणला होता. गेल्या मे महिन्यात कौलं चाळायला चढलेले आप्पा खाली पडले, कमरेचं हाड मोडलं. म्हणून यंदा सगळी कौलं उतरवून आम्ही निळे पत्रे घालत होतो. त्या काचेच्या कौलातून पडणारं ऊन हेच आईचं घड्याळ. ऊन सरकत जात्यापाशी आलं, की ती भात ठेवायची. चाळीस वर्षं.

"तिथे नको," आई म्हणाली. "मधल्या खोलीवर टाक."

त्या अंधाऱ्या खोलीत आप्पा वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. हाड कधीच जुळलं होतं. डॉक्टर म्हणत, आता उठून चाला. पण आप्पा उठत नव्हते आणि कुणाशी बोलतही नव्हते.

"मग तुला वेळ कशी कळणार?" मी विचारलं.

"कळेल," म्हणत ती उतरवलेली कौलं रचायला गेली.

छप्पर पूर्ण झालं. दुसऱ्या दिवशी आई तांदूळ धुऊन नुसतीच बसून राहिली. पावणेबारा वाजले तरी गॅस पेटवेना. मी काही बोलणार, एवढ्यात मधल्या खोलीतून खरखरीत आवाज आला.

"अगं, ऊन माझ्या गुडघ्यावर आलं! भात ठेवलास का?"

आईने डोळे पुसले, काडी ओढली.

"ठेवते," ती म्हणाली. "पण जेवायला इकडे या."