हिरवं तेवढं

बाबा गेल्यापासून आईचे हात मोकळेच होते. श्रियाच्या लग्नात चुडा भरायला कासार आला, तेव्हा तिनं हट्टानं आधी आईचाच हात त्याच्यापुढं धरला. वाशीच्या आत्यानं तोंड फिरवलं, पण आईनं हिरव्या बांगड्या भरून घेतल्या आणि स्वानंदनं ते मोबाइलवर टिपलं.

बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ तो परंड्याच्या घरी स्वतःच करत होता. पॉवरपॉइंटच्या हिरव्या स्लाइडवर त्यानं आईचा तो व्हिडिओ टाकला, भोवती फिरती फुलं लावली. मग एडिटिंगच्या ॲपमध्ये मागचा हिरवा रंग काढून टाकला आणि सगळं मांडवाच्या फोटोवर बसवलं. फुलं झकास फिरायला लागली.

"आई, बघ की!" त्यानं हौसेनं हाक मारली.

आई पदराला हात पुसत आली. पडद्यावर ती हसत होती, कासार तिचा हात दाबत होता, आणि बांगड्यांच्या जागी नुसता मागचा मांडव दिसत होता.

स्वानंद गडबडला. "अगं, हिरवं तेवढं सगळंच गेलं... मी परत करतो."

आईनं चुड्याचा हात हळूच पदराखाली घेतला.


"कंप्युटरलाबी चाललं न्हाय व्हय रे?"