सहावी खुर्ची

"थांब," बाई म्हणाल्या आणि मुठीतलं घड्याळ बंद केलं. "एकोणतीस शब्द. मिनिटाला पन्नास लागतात, बाळा."

भिंगरीनं कागदावरचं बोट उचललं नाही. "बाई, हा धडा शेजारच्या पाचवीतल्या ताईच्या पुस्तकात आहे."

"असेल. तू आपला तुझा कागद बघ."

एका जागी पाच मिनिटं बसत नाही म्हणून घरच्यांनी तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली, आणि शाळेनंही तेच नाव उचललं. इथे मात्र ती खिळून बसायची. जिन्याखालची ही खोली पूर्वी झाडू-बादल्यांची होती. आता तिथे सहा छोट्या खुर्च्या, एक फळा आणि मण्यांची पाटी होती. दुसरीतली वाचनात आणि गणितात मागे पडलेली मुलं रोज तासभर इथे येत. बाकीची मुलं तिला 'ढ खोली' म्हणत. मुलांना दयामाया थोडी कमीच असते.

दहा वर्षांपूर्वी बाईंनी स्वतः त्या भिंतींना रंग दिला होता. मुलांसाठी जीव टाकणाऱ्या बाई, असं सगळी शाळा म्हणायची. मागच्याच आठवड्यात त्या हेडमास्तरांशी भांडल्या होत्या.

"सहा मुलं असतील तर खोली चालेल," हेडमास्तर म्हणाले होते. "पाच झाली की कुलूप. मग तुम्ही साठ पोरांच्या वर्गावर."

"आणि ही मुलं? वाऱ्यावर सोडायची?"

हेडमास्तरांनी नुसता चष्मा पुसला.

बाईंनी भिंगरीच्या तक्त्यावर लाल शाईनं एकोणतीस लिहिलं. "वजाबाकी करू या. सहातून एक गेला?"

"पाच," भिंगरी लगेच म्हणाली. मग हळूच विचारलं, "बाई, मी पुढच्या वर्गात जाणार ना? माझी धाकटी बहीण आता दुसरीत येणार. ती मला ताई म्हणते. एका बाकावर बसलो तर नाही म्हणणार."

तिचं दुसरीतलं हे दुसरं वर्ष होतं. बाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "तुझ्या आईला बोलावलंय आज. बघू."

आई लाँड्रीत इस्त्री करायची. शाळेचं तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं. गिऱ्हाइकांचे कपडे ती कॉलरला बांधलेल्या रंगीत दोऱ्यांवरून ओळखायची. दुपारच्या सुट्टीत ती धावतपळत आली आणि मुलांच्या खुर्चीवर कशीबशी टेकली. मागोमाग ऑफिसातला कारकून कागद आणि शाईचं पॅड घेऊन आला.

"भिंगरी, जा, पाणी पिऊन ये," बाई म्हणाल्या.

ती गेल्यावर आई पुढे सरकली. "बाई, घरी ती आजीच्या औषधाच्या बाटलीवरचं सगळं वाचून दाखवते हो. किती वेळा घ्यायचं, कधी घ्यायचं."

"रोज तीच बाटली ना? पाठ झालं असेल. सगळ्याच आयांना तसं वाटतं, ताई."

"तेही खरंच." आई ओशाळली. "मला काय कळतंय. पण यंदा तिला ठेवू नका हो मागे. रात्री धाकटीकडे पाठ करून रडते. लेकरू सुकत चाललंय."

"म्हणून तर बोलावलं तुम्हाला." बाईंनी कागद हातात घेतला आणि सावकाश वाचला. "मुलीनं पुष्कळ मेहनत घेतली आहे. तिला पुढच्या वर्गात बसवण्यास हरकत नाही. लागेल ती मदत शाळा करेल."

आईला हुंदका आवरेना. "देव बघितला नाही, बाई. तुम्हाला बघितलं."

"अहो, काहीतरीच. इथे अंगठा लावा. आणि या प्रतीवर."

आईनं दोन्हीकडे अंगठा दाबून लावला, शाई पदराला पुसली. बाईंनी दोन्ही कागद उचलले. "मी फायलीला लावते."

"एक प्रत पालकांची असते, बाई," कारकून म्हणाला. त्यानं त्यातली एक काढून घेतली, शिक्का मारला आणि आईच्या हातात दिली. त्याला नियमापलीकडे कशाचीच फिकीर नसायची.

भिंगरी ओल्या हनुवटीनं परत आली. आईनं तिला मांडीवरच ओढलं. "पास झालीस गं बये! बाईंनी लिहून दिलंय. घे, तूच वाच. घरी धाकटीला वाचून दाखवायचंय."

"द्या इकडे, चुरगळेल तो," बाई हात पुढे करत म्हणाल्या. "आणि तिला नाही येणार, ताई. ऑफिसची भाषा आहे, जोडाक्षरं आहेत. तिला उगाच लाजवू नका."

"अडली तर अडली," आई हसत म्हणाली. "वाच गं."

भिंगरीनं कागद सरळ धरला. बोट ठेवलं नाही.

"पालकांच्या आग्रहाच्या विनंतीवरून सदर विद्यार्थिनीस पुन्हा इयत्ता दुसरीतच ठेवण्यात येत आहे. कारण : विद्यार्थिनीस अद्याप एक वाक्यही सलग वाचता येत नाही."