उचलायला हलकं

"हे नको. जड आहे," सिराज म्हणाला, आणि दुकानातल्या दयानंदने हातातलं माहितीपत्रक खाली ठेवलं.

मस्कतच्या वादी कबीर भागातल्या त्या मशीनच्या दुकानात हे वाक्य सिराजच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं. मस्कतभरचे गालिचे धुता धुता सिराजचे केस पांढरे झाले होते, आणि व्हॅक्यूम क्लीनर पारखायची त्याची रीत एकच होती. मशीन उचलताना तोंडातून 'या अल्ला' निघालं पाहिजे. निघालं, तर मशीन मजबूत. नाही निघालं, तर ते खेळणं, पोरांना द्यावं.

"सिराजभाई, डबल मोटर आहे. मशिदीचा अख्खा हॉल एका दमात ओढील."

"मशिदी नाही घेणार आता. घरंच बरी."

"अहो, रमजान तोंडावर आलाय!"

सिराजने डोळ्याच्या कोपऱ्यातून बायकोकडे पाहिलं. हाफिजा पलीकडच्या रांगेतली मशीनं बघत होती. ती काय विचारणार हे त्याला ठाऊक होतं. त्याची उत्तरंही त्याने अल अमेरातहून येताना गाडीत घोकली होती. व्हिलांचे जिने अरुंद झालेत. हल्ली लोक पातळ गालिचे घेतात. मोठं मशीन वीज खातं. तिन्ही उत्तरं खोटी होती, पण ऐकायला जबाबदार वाटत.

खरं उत्तर रुवी भागातल्या डॉक्टरने एक्स-रे दिव्यासमोर टांगून दाखवलं होतं. वीसेक वर्षांत मशीनच्या पिशवीत मावली नाही ती धूळ सिराजने स्वतःकडे ठेवून घेतली होती, आणि आता दोन्ही फुप्फुसं आतून घट्ट होत चालली होती. "एखाद-दोन वर्षं, इन्शाल्ला," डॉक्टर म्हणाला. ओमानमध्ये 'उद्या नक्की देतो'लाही इन्शाल्लाच म्हणतात, त्यामुळे त्या आकड्यावर किती भरवसा ठेवावा हे सिराजला कळेना. घरी येऊन त्याने 'ऍलर्जी आहे' असं सांगितलं. हाफिजाने मान डोलावली आणि आल्याचा काढा ठेवला.

त्यांचा धंदा चालत होता तो जोडीमुळे. ओमानी घरात पुरुषांची मजलिस, म्हणजे बैठकीची खोली, सिराज धुवायचा आणि बायकांची हाफिजा. परका पुरुष आत जायचा नाही, म्हणून सिराज मशीनचं धूड जिना चढवून बायकांच्या दारापर्यंत आणून ठेवी, आणि पुढे हाफिजा ते दोन्ही हातांनी आत ओढून घेई. उद्या हाफिजा एकटी उरली तरी बायकांच्या मजलिशी तिला बोलावणारच होत्या. मुलाचं, यासिरचं, पुण्यातलं कॉलेज अजून संपायचं होतं. म्हणजे आता असं मशीन हवं होतं, की जे हाफिजाला एकटीला झेपेल आणि तिच्या छातीत काही ठेवून घेणार नाही. आणि ते का हवंय, हे तिला कळता कामा नये.

"पिशवी बदलताना धूळ उडते काय रे?" सिराजने विचारलं.

दयानंद कुडाळचा. त्याला हसू आवरेना. "तुम्ही विचारताय? गाडीमागे उघड्या हाताने पिशवी झटकणारे तुम्हीच ना? मास्क फुकट देत होतो, तर म्हणालात, दाढी दबते!"

"माणूस सुधारतो रे. फिल्टर दाखव."

दयानंदने एक बुटकं, निळं मशीन पुढे ओढलं. पिशवी आतच बंद होते, म्हणाला, फिल्टर दुहेरी आहे. दुकानातल्या गालिच्याच्या तुकड्यावर त्याने वाळू सढळ हाताने पसरली, कारण मालकाला ती विकत आणावी लागत नव्हती.

"तुझ्या भाभीला करू दे," सिराज घाईने म्हणाला. "बायकांकडे तीच असते."

हाफिजाने दांडा धरला. दांडा तिच्या कमरेला बरोबर येतो, वाकावं लागत नाही, हे सिराजने मनातल्या मनात टिपून घेतलं. तिने वाळू ओढली. मग बटण बंद करून, न विचारता, पिशवी काढली आणि परत बसवली. मागच्या जाळीवर पांढरा रुमाल धरून तिने मशीन पुन्हा चालू केलं. रुमाल पांढराच राहिला.

तेवढ्यात सिराजला ढास लागली. एका हाताने शेल्फ धरून तो खोकत राहिला.

"पाणी आणू काय?" दयानंद घाबरला.

"एसीने होतं त्यांना. ऍलर्जी आहे," हाफिजानेच परस्पर सांगून टाकलं.

आपण मारलेली थाप किती पक्की बसली आहे, हे पाहून सिराजला खोकतानाही बरं वाटलं.

"हेच घ्या," ती म्हणाली.

बस्स. 'एवढंसं?' नाही, 'मशिदीचं काय?' नाही. तीन उत्तरं फुकट गेली म्हणून सिराज जरासा हिरमुसलाच.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. सिराज खोका उचलायला वाकला, तर हाफिजाने त्याचा हात बाजूला केला. तिने खोका उघडला, मशीन काढलं, छातीशी धरून उचललं आणि गाडीत चढवलं. मग ते खाली उतरवलं. परत चढवलं. परत उतरवलं. बुरख्याच्या बाह्या कोपरापर्यंत ओढून ती तिसऱ्यांदा वाकली, तेव्हा दुकानाच्या दारातला दयानंदही बघायला लागला.

"काय गो, वेड लागलं काय?" सिराज ओरडला. "बसलं ना गाडीत एकदा? खलास!"

हाफिजा थांबली नाही. मशीन वर ठेवून तिने दम घेतला आणि पुन्हा त्याला हात घातला.

"तुम्ही सावलीला बसा," ती म्हणाली. "तुम्ही आहात तोवर सवय होऊ दे मला."