सावरलेलं कुटुंब

रस्त्यावर आलेल्या बायका-पोरांसाठी सरकारी खर्चाने चालणारी ती इमारत. दर सहा महिन्यांनी तिथे तपासनीस बाई नाक मुरडत यायच्या.

गेल्या खेपेला तळमजल्यावरच्या शेजारणीने भाबडेपणाने खोली लख्ख घासली, बशीत बिस्किटं मांडली, धाकट्याकडून कविता म्हणवून घेतली. बाईंनी तोंडभरून कौतुक केलं आणि शेरा मारला, 'कुटुंब सावरलं आहे.' पंधरा दिवसांत खोली सोडायची नोटीस आली. शेजारीण पाया पडली, तर बाई म्हणाल्या, "सावरलेल्यांना कशाला हवं फुकटचं छप्पर?" आता तिचा पोरांसकट बस स्टँडवर मुक्काम आहे.

आज जिन्यात बाईंच्या सँडलांचा आवाज आला, तशी वरच्या मजल्यावरची शिवणकामवाली ताडकन उठली. "आली मेली!" म्हणत तिने खिडकीचा नवा पडदा ओरबाडून काढला, लेकीचं पहिल्या नंबराचं प्रगतिपुस्तक गादीखाली कोंबलं, तिच्या घट्ट वेण्या सोडून केस पार विस्कटून टाकले. मग दंडाला धरून तिला दारात उभं केलं आणि दात-ओठ खात बजावलं,

"खबरदार, बाईंसमोर शहाण्यासारखी वागलीस तर!"