उपायताईची डुलकी

त्या माणसाने आजही तोंड उघडलं नव्हतं. समोरच्या खुर्चीत बसून तो आपल्या चपलांकडे बघत होता आणि ती त्याच्याकडे. मधल्या टेबलावर रेकॉर्डर चालू होता. त्यात आतापर्यंत नुसती पंख्याची घरघर भरली होती.

तिच्या पाठीमागे भिंतीत काच होती. या बाजूने आरसा, त्या बाजूने खिडकी. पलीकडे मॅडम कानाला हेडफोन लावून बसल्या होत्या. त्यांना त्याचा चेहरा दिसायचा आणि तिची फक्त पाठ. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला असं खऱ्याखुऱ्या दुःखी माणसापुढे बसावं लागे. त्यात पास झाल्याशिवाय कुठल्या दवाखान्यात समुपदेशक म्हणून उभं करत नसत. मागच्या खेपेला ती इथेच आपटली होती. पुस्तकं तोंडपाठ, पण समोरच्याने उसासा टाकायचा अवकाश, हिचा सल्ला तयार. वर्गात तिचं नावच पडलं होतं उपायताई.

"तुला गप्प बसता येत नाही," मॅडमनी बजावलं होतं. "याही खेपेला जमलं नाही, तर हे काम तुझं नाही असं मी लिहून देईन."

आता घरात थोरली म्हटल्यावर दुसरं काय होणार? वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, आई घाबरट, धाकटा भाऊ दूर आणि फोनवर फक्त काळजी करणारा. रात्री वडिलांची कूस बदलायला हीच उठायची आणि सकाळी सगळे हिच्याच तोंडाकडे बघत बसायचे. तिला आठवत होतं तेव्हापासून ती दमलेलीच होती.

त्या माणसाला त्याच्या मुलीने जवळजवळ ढकलत आणलं होतं. आई गेल्यापासून बाबा बोलतच नाहीत, म्हणाली. कारखान्याच्या फाटकावर वॉचमन म्हणून त्याचा जन्म गेला होता. दर मंगळवारी तो यायचा, ड्यूटीवर असल्यासारखा बसायचा आणि तास संपला की उठून जायचा.

फिरायला जात जा, माणसांत मिसळा, मुलीकडे जाऊन राहा. उपायताईच्या जिभेवर सगळं रांग लावून उभं होतं. तिने दात आवळून ते गिळलं. कोपर खुर्चीच्या हातावर टेकवलं, हनुवटी तळव्यावर ठेवली. पंखा घरघरत होता. खोलीत छान ऊब होती.

"...तिची उशी मी अजून हलवलेली नाही."

कोणीतरी बोलत होतं. तिने डोळे उघडले. समोरचा माणूस रडत होता, आणि घड्याळात तास संपला होता.

ती झोपली होती. चक्क झोपली होती. हा माणूस मनातलं सगळं ओतून मोकळा झाला होता आणि हिच्या वाट्याला त्यातली एक उशी तेवढी आली होती. तिला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

त्याने रुमालाने तोंड पुसलं, तिच्याकडे एकदा बघितलं आणि बाहेर गेला.

मॅडम आत आल्या त्या हसतच. त्यांना हसताना वर्गात कोणी पाहिलं नव्हतं.

"शिकलीस एकदाची," त्या म्हणाल्या. "तो एवढं बोलला आणि तू हूं की चूं केलं नाहीस. जागची हललीससुद्धा नाहीस. मी पास लिहून टाकते."

रेकॉर्डर समोरच होता. घरी नेऊन ऐकला असता, तर पुढच्या मंगळवारी कोणाला शंकाही आली नसती. वडिलांची औषधं, आईचा धीर, सगळं पास झाल्यावर मिळणाऱ्या नोकरीवर टांगलेलं होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं, आणि नेमकं तेच हिला येत नव्हतं.

"मॅडम, मला झोप लागली होती."

मॅडमचं हसू मावळलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"चल," त्या म्हणाल्या. "आधी त्यांची माफी माग. तुझं काय करायचं ते मग बघू."

तो बाहेर बाकावर मुलीची वाट बघत बसला होता. दोघींना बघून तो जरा सरकला, जागा करून दिली.

"काका, तुम्ही बोलत होतात तेव्हा मी झोपले होते," ती म्हणाली. "मला माफ करा."

"माहीत आहे की. तुमची मान कलली, तेव्हाच तर मी सुरुवात केली."

मॅडम त्याने करून दिलेल्या जागेवर टेकल्या.

"मी रात्रपाळीचा माणूस," तो म्हणाला. "सकाळी घरी जायचो तेव्हा आमची ही गाढ झोपेत. तिच्या उशाशी बसून सगळं सांगायचो. साहेब काय बोलले, मला कशाची भीती वाटते, सगळं. जाग्या माणसापुढे मला कधी जमलंच नाही. लोक लगेच काहीतरी सुचवायला लागतात."

"तुमच्यासाठी दुसरी कोणी देऊ का?" मॅडमनी विचारलं.

"नको. ह्याच बऱ्या आहेत."

मॅडमनी एक सुस्कारा सोडला. "मग पुढच्या मंगळवारी तूच बस," त्या तिला म्हणाल्या. "निकाल तेव्हा लिहीन."

मुलगी जिन्यातून हाक मारत होती. तो गुडघ्यांवर हात टेकून उठला, दोन पावलं गेला आणि परत फिरला.

"शेवटच्या दुखण्यात आमची ही मला म्हणाली, अहो, मी रोज जागीच असायचे." त्याने रुमाल घडी करून खिशात ठेवला. "तुम्हीही पुढच्या वेळी जाग्या राहा, ताई. फक्त मला कळू देऊ नका."