चारठाण्याची रडकी भिंत

"तुमाला पटायचं न्हाई, तानुबाई. कुणालाच पटायचं न्हाई. पण ही भिंत रडायलीय."

मिस्त्रीनं बोट दाखवलं. बैठकीतल्या पार्टिशनला काल लावलेलं प्लास्टर दारापासच्या भागात पापडासारखं सुटून खाली पडलं होतं. आतला गुलाबी ऑइलपेंट पुन्हा चकाकत होता.

तानुबाई सुपात तूर पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सहा दिवस झाले, माणिकराव. माणूसबी इतकं रडत न्हाई."

"देवगाव फाट्यावर एका हाटेलाची भिंत अशीच होती. सात डाव लावलं, सात डाव पडलं. आठव्या डावाला मालकानं भिंतीला हात जोडले, माफी मागितली. तवा कुठं धरलं."

"माफी कशाची?"

"त्यानं तिच्याकडं पाठ केलती."

"अन् भिंतीनं केलं माफ?"

मिस्त्री घमेल्यात पाणी ओतत राहिला. "लगेच कशी करंल."

उंबऱ्यावर बसलेल्या चार वर्षांच्या शांतानं विचारलं, "मिस्त्रीआबा, भिंतीचे डोळे कुठं हायत?"

"तुझ्याच उंचीला. बघ वाकून."

पोरगी भिंतीला नाक लावून उभी राहिली. मिस्त्री तोंडाला बांधलेल्या टॉवेलाआड हसला, मग घाईनं पाठ फिरवून प्लास्टर कालवायला लागला.

त्याचं नाव माणिकराव नव्हतंच. तो बोरीचा महालिंग, आणि या घरची सून ऋतुजा ही त्याची एकुलती एक लेक. सहा वर्षांपूर्वी तिनं परक्या जातीतल्या बालाजीशी लग्न केलं, तेव्हा त्यानं चारचौघांत सांगून टाकलं होतं, मला लेक न्हाई. त्याची बायको शांतम्मा लेकीच्या वाटेकडं बघतच गेली. मग एक दिवस जिंतूरच्या बाजारात कळलं, चारठाण्याच्या तानुबाई प्लास्टरवाला शोधायल्यात. त्यांनी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं.

पहिल्या दिवशी तो अंगणात शिरला तेव्हा घराचं मागचं दार वाजलं होतं. "सून गेली कामाला," तानुबाई म्हणाल्या होत्या. "जिंतूरला दुकानात असती. रोज सहाला येती."

महालिंगला हायसं वाटलं. पाचला हत्यारं तिथंच ठेवून तो बोरीची एसटी धरू लागला. नातीचं नाव मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते ऐकलं तेव्हा हातातलं घमेलं पडलं.

ऑइलपेंटवर प्लास्टर धरायचं तर आधी पॉलिश पेपरनं घासून चकाकी मारावी लागते, मग प्रायमर. चाळीस वर्षं तो हेच करत आला होता. बाकीची भिंत त्यानं तशीच नीट उरकली होती. दारापासचा हातभर भाग तेवढा रोज न घासताच लिंपायचा. तो धरला की काम संपलं. काम संपलं की शांता पुन्हा दिसायची नाही.

त्याच्या थापीच्या मुठीवर एक जुनी निळी रिबीन गुंडाळलेली होती, ऋतुजाच्या शाळेच्या वेणीतली. पहिल्या दिवशी ती सुटून लोंबत होती. दुसऱ्या सकाळी बघतो तर कुणीतरी घट्ट फुलगाठ मारून ठेवलेली. म्हातारीला टापटीप लागते दिसतं, असं म्हणून तो कामाला लागला.

आज पाच वाजले. उरलेल्या प्लास्टरचा पोपट करून त्यानं शांताच्या ओंजळीत ठेवला. ती तो वाळवायला अंगणात पळाली.

"उद्या पुन्हा यावं लागतंय, तानुबाई. भिंत ऐकंना."

तानुबाईंनी सूप बाजूला सारलं. कोपऱ्यातला पॉलिश पेपर उचलून त्याच्या हातात दिला.

"दारापासच्या भागाला एकदाबी कागद लावला न्हाई तुमी. मी रोज बघायलेय. लय खोटं बोलता, इवाई."

महालिंगच्या तोंडावरचा टॉवेल गळ्यात आला.

"उद्या घासा अन् उरका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ऊन लय तापायलंय. ऋतुजाला कुठली आलीय नोकरी? सहा दिवस झाले, तुमी जाईपर्यंत ती देवळाच्या पायरीवर बसून असती."