दातांच्या डॉक्टरची खुर्ची

"तुम्ही माझ्या आईचा खेळ मांडलाय, मॅडम," गौतम म्हणाला. "एवढे दिवस कॉम्प्युटरवर सगळं ऐकून घेतलंत. आता म्हणता, प्रत्यक्ष बघितल्याशिवाय गोळी लिहिणार नाही. मग आधीचं काय होतं? टाइमपास?"

मॅडम रागावल्या नाहीत. "आधी आईंशी बोलू दे," म्हणाल्या.

हिमायतनगरमधला त्यांचा मनाचा दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. लिफ्ट नव्हती. गौतमच्या आईचे, सुशीलाबाईंचे, दोन्ही गुडघे गेलेले. घरातला उंबरा ओलांडायचा तरी दाराला धरावं लागायचं. म्हणून मॅडमनी दुपारपुरती तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरची खोली मागून घेतली होती. सुशीलाबाई दात काढायच्या खुर्चीत रेलल्या होत्या आणि वरच्या दिव्याकडे संशयानं बघत होत्या.

"दांत नक्को निकालना, अम्मा," त्या मॅडमना म्हणाल्या. "वोइच अच्छे बचे हैं."

मॅडम तेलुगू, सुशीलाबाई मराठी. दोघींची दखनी बोली मात्र एकाच बाजारातली. मॅडम हसल्या. गौतम हसला नाही.

वडील, नामदेवराव, गेले आणि गौतम अमेरिकेतली नोकरी सोडून चिक्कडपल्लीला परत आला. आईसाठी आला, असं तो म्हणाला. त्या मंदीच्या वर्षी अमेरिकेतून पुष्कळ पोरं परत येत होती, आणि प्रत्येकाच्या घरी नेमकं कुणीतरी आजारी होतं. गल्लीनं त्याचं कौतुक केलं. आई खचलीय, हेही त्यानंच सांगितलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. नवरा गेलेली बाई खचलेली नसेल तर आपल्या लोकांना चैन पडत नाही. तिला विचारायला कुणी गेलं नाही.

मॅडमनी तेव्हा इंटरनेटवरून सल्ला द्यायला नुकतीच सुरुवात केली होती. वेड्यांच्या डॉक्टरकडे जाताना कुणी बघेल, या भीतीनं लोक जिन्यापर्यंत येऊन मागं फिरायचे. त्यांच्यासाठी ही सोय. गौतमला ती पटली. मॅडम प्रश्न इंग्रजीत पाठवायच्या. गौतम आईला मराठीत विचारायचा आणि उत्तर इंग्रजीत टाइप करायचा. आई एवढंसं बोलायची आणि गौतम बराच वेळ टाइप करत बसायचा. "कसं रे एवढ्याचं एवढं होतं?" असं तिनं एकदा विचारलं होतं. "इंग्रजीत लांबतं, आई," तो म्हणाला होता.

"झोप कशी आहे?" मॅडमनी आता खुर्चीतल्या बाईंना विचारलं.

"पडले की सकाळच. हा उठवतो म्हणतो, पण मीच याला उठवते."

"जेवण?"

"आज दोन भाकरी खाल्ल्या. वर अंबाडीची भाजी. याच्या ताटातली पण उरली होती, तीही."

"रडू येतं?"

"येतं की. माणूस गेलाय माझा." सुशीलाबाईंनी पदर सारखा केला. "पण रडले की चहा करते. मग बरं वाटतं."

मॅडम गौतमकडे वळल्या.

"लपवते ती," गौतम म्हणाला. "परक्या माणसासमोर हेच सांगणार."

"आणि कॉम्प्युटरवर?"

"तिथं तोंड दाखवावं लागत नाही. माणूस तिथंच खरं बोलतो." हे तो जरा जास्तच जोरात बोलला.

"मलाही तेच वाटायला लागलंय," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर कुतूहल आहे. पडद्यावरची बाई खरी असेल तर तिला आजच ॲडमिट करायला पाहिजे. एक रात्रही घरी ठेवता यायची नाही. आणि ही खुर्चीतली खरी असेल, तर हिला घरी पाठवते. दोन्ही कशा खऱ्या असतील?"

"ॲडमिट नको. गोळ्या लिहून द्या, बस. मी देतो वेळच्या वेळी."

"कुणाला गोळ्या?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"तुला, आई."

"मला काय झालंय?"

मॅडमनी स्टूल खुर्चीजवळ ओढलं. "अम्मा, तुम्ही मला जे कळवलंत ते परत सांगते. चुकलं तर टोका."

"मॅडम, तिच्यासमोर नको ते," गौतम म्हणाला.

"तिचंच आहे ना?"

मॅडमना सगळं पाठ होतं. त्या दखनीत सावकाश सांगत गेल्या. फोन वाजला की छातीत धडधडतं. कुणी ओळखीचं दिसलं की गल्ली बदलते. ताटात घेतलेलं तसंच राहतं. सकाळ होऊच नये असं वाटतं. लोक कौतुक करतात ते ऐकवत नाही.

शेजारणीचं दुखणं ऐकावं तशा सुशीलाबाई ऐकत होत्या. मधे दोनदा "अरे देवा" म्हणाल्या. टोकलं मात्र एकदाही नाही.

"आणि हे परवाचं," मॅडम म्हणाल्या. "हे वाचलं आणि तुम्हाला बोलावून घेतलं. रोज संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीवर जाते. कठड्याशी उभी राहते. खाली बघितलं की सगळं सोपं वाटतं."

चूळ भरायच्या भांड्यात नळ ठिबकत होता. गौतम तिकडे बघत होता.

सुशीलाबाईंनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मग तशाच बसल्या बसल्या त्यांनी हात लांब केला, गौतमचं मनगट पकडलं आणि मराठीत विचारलं,

"गौतम, आपल्या गच्चीवर रोज कोण जातं रे?"